गाण्याच्या घरातून रंगमंचाकडे

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला वारले. पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणलं आणि बालगंधर्व सिंधूच्या वेषात उभे राहिले. गडकऱ्यांना तो प्रयोग पाहायला मिळाला नाही. नाटकातली पदंही त्यांच्या हातची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. मराठी रंगभूमीवरची सगळ्यांत सोसलेली स्त्री अशा रीतीनं पहिल्यांदा एका पुरुषाच्या गळ्यातून गायली, आणि गायली तीही अशी की पुढं ज्या ज्या बाईनं सिंधू केली, तिला नवऱ्याच्या, सुधाकराच्या दारूशी झगडण्याआधी बालगंधर्वांच्या आठवणीशी झगडावं लागलं.

हे पुस्तक अशा बायकांबद्दल आहे ज्यांच्या घरात गाणं आधीपासून होतं. कुणाची आई गात होती, कुणाची बहीण, कुणाचं अख्खं घरच नाटक कंपनी होतं. अशा घरातली मुलगी रंगभूमीवर आली की लोक सहज म्हणून जातात, ‘तिला काय, तिच्या रक्तातच आहे.’ या एका वाक्याखाली तिचे कष्ट झाकले जातात. घर या मुलींना सूर देतं, लय देतं, चांगलं-वाईट ओळखणारा कान देतं. नाटक मात्र घरात मिळत नाही, ते प्रयोगागणिक, प्रेक्षकांसमोर, कधी त्यांची नाराजी सोसून शिकावं लागतं. आणि घरचं गाणं जितकं पक्कं, तितकं ते रंगमंचावर आवरायला अवघड, हे माझं म्हणणं आहे. या पुस्तकातली आयुष्यं मी त्याच प्रश्नासाठी पुन्हा वाचली आहेत: हिनं घरून काय आणलं, आणि रंगभूमीसाठी त्यातलं काय बाजूला ठेवलं?

पुस्तकाच्या मध्यभागी कीर्ती शिलेदार आहेत. त्यांच्या मागं त्यांची आई जयमालाबाई, त्याही मागं ज्योत्स्नाबाई भोळे, हिराबाई बडोदेकर, आणि ज्यांची नावं आज फक्त जुन्या जाहिरातींत सापडतात अशा स्त्री-मंडळ्यांतल्या नटी.

नागपुरात बसून हे लिहिण्याला कारण आहे. संगीत नाटक म्हटलं की सांगली, पुणे, मुंबई, गोवा एवढीच गावं आपल्या डोळ्यांसमोर येतात. विदर्भाचा वाटा त्यात मोठा आहे, आणि तो बराचसा लेखकांचा आहे. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे. साठच्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘जय जय गौरीशंकर’ अशी नाटकं एकामागून एक देऊन संगीत नाटकाला पुन्हा उभं करणारे विद्याधर गोखले जन्मानं अमरावतीचेच. पुरुषोत्तम दारव्हेकर तर नागपूरचेच. इथं रंजन कला मंदिर उभं करणाऱ्या या माणसानं १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ मराठी रंगभूमीला दिलं. त्या नाटकात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आज त्यांच्या नावानं आहे. लेखक आमचे, खाँसाहेब आमचे. गाणारी नटी मात्र बहुतेक वेळा बाहेरून आली: मिरजेहून, पुण्याहून, गोव्याहून. ती आली, तिनं रात्र जागवली आणि पहाटे कंपनीबरोबर पुढच्या मुक्कामाला निघून गेली. ती कोणत्या घरातून आली आणि त्या घराबाहेर पडताना तिला काय मोजावं लागलं, हे इथल्या रसिकांना क्वचितच कळलं.

‘कट्यार’चंच पाहा. घराण्याची गायकी कुणाच्या मालकीची, हा त्या नाटकाचा गाभा. दोन गवई, दोघांच्याही घरात गाणं कळणारी, गाणारी मुलगी: झरीना आणि उमा. फैयाज यांच्या झरीनानं नाट्यगृहं जिंकली. तरीही वारसा कुणाकडं जाणार हा पेच फिरतो तो बाहेरून आलेल्या सदाशिवाभोवती. घरातच गळा तयार असलेली मुलगी ही वारसदार होऊ शकते, हा विचार नाटकातल्या कोणत्याही गवयाच्या मनाला शिवत नाही. दारव्हेकरांनी त्या काळाचं चित्र खरं काढलं आहे. मला वाटतं, गाण्याच्या घरातल्या मुलींनी रंगभूमीची वाट का धरली, याचं एक उत्तर तिथंच आहे. मैफिलीच्या गादीवर बसायला घर आणि समाज दोघांची संमती लागत असे. रंगमंचावर निदान भूमिकेच्या नावाखाली तिला गाता येई.

नव्यानं या विषयाकडे येणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा गाणं सूत्रधाराकडं होतं. पात्रं बोलत, नाचत, आणि कथा तो गाऊन सांगे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं आणि गाणं पात्रांच्या तोंडी आलं. साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि कानडी वळणाच्या चाली, अशी ती पदं असत: भरपूर, पण छोटी, आणि कथेला पुढं नेणारी. दोन वर्षांनी आलेल्या ‘सौभद्रा’नं हीच रीत घरोघरी पोचवली. पुढं बालगंधर्वांच्या काळात रागदारी नाटकात शिरली. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी पूरब बाजूच्या ठुमरी-कजरीचा रंग दिला, १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवर बेतलेल्या चाली दिल्या. अहमदजान थिरकवांसारखा तबलिया नाटकाच्या साथीला बसू लागला. नाटक मैफिलीच्या इतकं जवळ गेलं की एकाच पदाला तीन-तीन वन्समोअर पडावेत आणि शिशुपाल विंगेत ताटकळत बसावा. दीनानाथ मंगेशकरांनी बलवंत संगीत मंडळीत याच्या अगदी उलट, पल्लेदार आणि आक्रमक गायकी आणली. केशवराव भोसल्यांचा बाज आणखी निराळा. या साऱ्या शैली स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांनी घडवल्या, हे लक्षात ठेवायला हवं. बाई रंगमंचावर आली तेव्हा तिनं कसं गावं, कसं चालावं, पदर कसा सावरावा, हे ठरून गेलं होतं.

आणि बाई आली ती एका दिवसात आली नाही. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या विसाव्या शतकाच्या आरंभी होत्याच. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी, सातारकर स्त्री संगीत मंडळी. या मंडळ्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. त्यांत काम करणाऱ्या अनेकजणी देवळाच्या सेवेशी किंवा गाण्याच्या पेशाशी जोडलेल्या घरांतल्या होत्या, म्हणून पांढरपेशा समाजानं त्यांची गाणी ऐकली आणि त्यांची नावं विसरायला सवड काढली. त्यांचा इतिहास आपण लिहिला नाही, ही मराठी नाट्यसमीक्षेची मोठी उणीव आहे असं मी मानतो. गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर लहानपणी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत आणि नंतर सातारकर स्त्री संगीत मंडळीत होत्या. पुढं अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली आणि त्या जयपूर घराण्याच्या मोठ्या गायिका झाल्या. त्यांची वाट आमच्या विषयाच्या नेमकी उलटी, नाटकाकडून गाण्याकडं. पण त्यांच्यामुळं एक गोष्ट कळते. ज्या काळात बाईला गाण्याची तालीम सहज मिळत नसे, त्या काळात नाटक मंडळी हीच तिची शाळा होती.

हिराबाई बडोदेकरांचं घर म्हणजे किराणा घराण्याचं उगमस्थान. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने, भाऊ सुरेशबाबू, बहिणी कमलाबाई आणि सरस्वती. १९२९ च्या सुमारास या भावंडांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या असं ठरवून. हिराबाई सुभद्रा झाल्या. गाण्याला कुणी नावं ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मंडळी फार वर्षं चालली नाही, कर्ज झालं, आणि हिराबाईंनी ते मैफिली करून फेडलं. मराठी स्त्रीच्या कलाजीवनातली ही घटना मला फार मोलाची वाटते. रंगभूमीनं ज्या बाईचं घर कर्जात घातलं, तिला मैफिलीनं तारलं, आणि तिकीट लावून बाईनं जाहीर मैफल करण्याला प्रतिष्ठा मिळाली ती बव्हंशी तिच्यामुळं. किराण्याचा तो संथ, सुरात बुडालेला आलाप सुभद्रेच्या तोंडी मावत होता का? हिराबाईंच्या प्रकरणात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. माझं उत्तर असं, की काही जागी मावत होता आणि काही जागी त्यानं सुभद्रेला थोपवून धरलं.

ज्योत्स्नाबाई भोळे याच प्रश्नाचं दुसरं उत्तर आहेत. गोव्यातल्या बांदिवड्याच्या केळेकरांच्या घरात १९१४ साली जन्मलेली दुर्गा. थोरली बहीण गिरिजाबाई नावाजलेली गायिका. केशवराव भोळ्यांशी लग्न झालं आणि दुर्गाची ज्योत्स्ना झाली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. बियॉर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. रंगमंचावर घरातली बैठकीची खोली, बोलणं घरातल्यासारखं, आणि गाणी मोजकी. चाली केशवरावांच्या. ज्योत्स्नाबाईंनी तिथं जे गायलं ते ख्याल येत असलेल्या बाईनं मुद्दाम कमी केलेलं गाणं होतं. तान नाही असं नाही, पण शब्दाला ओलांडून जाणारी तान नाही. मराठी भावगीताला वळण देणाऱ्या गळ्यांत त्यांचा गळा आहे, तो याचमुळं. १९४२ च्या रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्या भानुमती झाल्या, मास्टर कृष्णरावांच्या चालींवर गायल्या, आणि स्वतः कमावणाऱ्या, स्वतःचा मान राखणाऱ्या नव्या सुनेला मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. त्या भूमिकेतली नायिका नटीच आहे. घर आणि रंगभूमी यांतला ताण, जो या पुस्तकातल्या प्रत्येक बाईनं खऱ्या आयुष्यात भोगला, तोच तिथं कथानक झाला.

इथं एक तांत्रिक गोष्ट जवळून दाखवतो, कारण तिच्याशिवाय या नटींची कसरत कळणार नाही. नाटकात पद कसं सुरू होतं? नटी बोलत असते. वाक्याच्या शेवटाकडं येताना तिचा आवाज आपोआप पट्टीच्या जवळ सरकतो. ऑर्गनवाला तोवर षड्ज धरून बसलेला असतो, हळूच, प्रेक्षकाला जाणवू न देता. शेवटचा शब्द बोलला जातो आणि पहिला शब्द गायला जातो. यांमध्ये श्वास एकच. हा सांधा दिसला की प्रेक्षक जागा होतो, त्याला वाटतं आता गाणं सुरू झालं. हा सांधा दिसला नाही की रुक्मिणीच गाते आहे असं वाटतं. मैफिलीत बाई बसून गाते, तंबोरे मागं असतात, तिला वाटेल तेव्हा थांबता येतं. नाटकात ती उभी असते, नऊवारी आणि दागिन्यांचं ओझं अंगावर, समोर दुसरा नट आपल्याकडं पाहत उभा, आणि तिच्या प्रत्येक हरकतीच्या वेळी त्यानं चेहऱ्याचं काय करायचं हाही प्रश्न तिचाच. पद संपताना टाळ्या पडतात, आणि टाळ्यांच्या आवाजातून वर येऊन तिला पुढचं वाक्य बोलायचं असतं, तेही आधीच्या भावनेचा धागा न तुटता.

यात पट्टीची अडचण वेगळी. पुरुष गायक साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. पुरुषच बाईची भूमिका करत होते तोवर सगळं नाटक एका पल्ल्यात चाले. बाई आल्यावर ‘मानापमाना’च्या एकाच प्रवेशात धैर्यधराची पट्टी एक आणि भामिनीची दुसरी. ऑर्गनवाल्याची बोटं बदलतात, तबल्याचा सूर बदलतो, आणि प्रेक्षकाच्या कानाला हा खटका लागू नये म्हणून संवादाची लांबी, ऑर्गनचा भराव, कधी पदांचा क्रमही जुळवून घ्यावा लागतो. नवरा-बायकोची जोडी कंपनीची प्रमुख असेल तर ही जुळवणी रोजच्या संसारातलाच भाग होऊन बसते. शिलेदारांच्या घरात नेमकं तेच झालं.

जयराम शिलेदार १९४७ च्या शांतारामबापूंच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ चित्रपटातले रामजोशी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. प्रमिला जाधव, म्हणजे पुढच्या जयमालाबाई, यांचा जन्म १९२६ चा. १९४९ साली या दोघांची ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी राहिली. ते वर्ष ध्यानात घ्या. बोलपटानं जुन्या कंपन्या कधीच मोडीत काढल्या होत्या. गंधर्व मंडळी थकली होती. सुशिक्षित प्रेक्षक रांगणेकरांच्या सुटसुटीत नाटकांकडं गेला होता. अशा वेळी ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ घेऊन गावोगाव फिरणं हा धंद्याच्या हिशेबानं वेडेपणाच होता. शिलेदारांनी तो काही दशकं निष्ठेनं चालवला. जयमालाबाईंच्या गाण्यावर गंधर्वगायकीची छाप होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. पण बालगंधर्वांच्या स्त्रीत जो कल्पनेतला, पुरुषानं रचलेला डौल होता, तो त्यांनी खाली आणला. त्यांची सिंधू थकलेली दिसे. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

अशा घरात १९५२ साली कीर्तीचा जन्म झाला. मोठी बहीण लता, जी पुढं दीप्ती भोगले म्हणून ओळखली गेली. या मुलींचं घर आणि कंपनी यांत भिंत नव्हती. स्वयंपाकघरात नाटकातल्या जागा घोटल्या जात आणि नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत अभ्यास होई. कीर्ती शाळकरी वयातच रंगमंचावर आली. नीळकंठबुवा अभ्यंकरांकडं गाणं शिकली. आणि १९७२ साली विद्याधर गोखल्यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’त ती मैना झाली.

या एका भूमिकेवर पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. ‘स्वरसम्राज्ञी’ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेलं. शॉच्या फुलवालीला उच्चार शिकवले जातात. गोखल्यांच्या मैनेला, तमाशातल्या पोरीला, शास्त्रोक्त गाणं शिकवलं जातं. म्हणजे भूमिका करणारीनं आधी न शिकलेल्या गळ्यानं गायचं, मग शिकता-शिकता चुकायचं, आणि शेवटी स्वरसम्राज्ञी म्हणून उभं राहायचं. जिच्या घरात सुरांखेरीज दुसरं काही कानावर पडलं नाही, तिला रोज रात्री बेसूरपणाच्या कडेवर जाऊन खऱ्यासारखं चुकायचं होतं. गाण्याच्या घरातली मुलगी हे घरात शिकू शकत नाही. घर तर तिला न चुकायला शिकवतं. कीर्तीताईंच्या मैनेत लावणीचा ठसका आणि ख्यालाची बैठक दोन्ही खरी वाटत, आणि त्यांच्या मधला अडखळता टप्पाही खरा वाटे. मी त्याला अभिनय म्हणतो. ‘गायिका-अभिनेत्री’ म्हणताना आपण त्यातल्या दुसऱ्या शब्दावर नेहमीच कमी जोर देतो.

पुढच्या चार दशकांत त्यांच्या प्रयोगांची संख्या हजारोंत गेली. २०१८ साली मुलुंडला भरलेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्यानंतरचं ९९ वं संमेलन फेब्रुवारी २०१९ मध्ये आमच्या नागपुरात भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते ‘घोटभर पाणी’ आणि ‘किरवंत’ लिहिणारे प्रेमानंद गज्वी. एका वर्षी सुभद्रा-रुक्मिणी गाणारी नटी आणि पुढच्या वर्षी तहान आणि जात यांवर लिहिणारा नाटककार: मराठी रंगभूमीचा आवाका इतका आहे, याचा मला अभिमान वाटतो. २२ जानेवारी २०२२ रोजी कीर्तीताई पुण्यात गेल्या.

गाण्याचं घर सोडून गद्य नाटकाकडं गेलेल्या मुलीही आहेत. किराण्याच्या गायिका माणिक वर्मांच्या घरातल्या वंदना गुप्ते आणि भारती आचरेकर ही त्यांतली सगळ्यांत ठळक उदाहरणं. १९९१ च्या प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’तली वंदनाबाईंची विद्या पाहताना कुणालाही किराण्याची आठवण होणार नाही. तरी वाक्याचा शेवट कुठं सोडायचा, विराम किती वेळ धरायचा, हा हिशेब ज्यांच्या कानाला लहानपणापासून आहे, त्यांचं बोलणं वेगळं पडतं. या दोघींवरचं प्रकरण छोटं आहे, कारण त्यांच्याविषयी आणि त्यांच्याकडून वाचायला-ऐकायला पुष्कळ उपलब्ध आहे. अभिषेकीबुवांच्या चालींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून जे नवं नाट्यसंगीत घडलं ते आणि आशालता वाबगावकरांची सत्यवती, यांची ओझरतीच ओळख पुस्तकात आहे, कारण त्या काळावर इतरांनी चांगलं लिहिलं आहे.

मग आज हे पुस्तक कशासाठी? एक कारण साधं आहे. ज्या व्यवस्थेत हे ज्ञान आईकडून मुलीकडं जात होतं, ती कंपनी नावाची व्यवस्थाच उरलेली नाही. आजच्या मुलीचा गळा तयार असतो. तिला क्लास मिळतो, स्पर्धा मिळते, दूरदर्शन वाहिन्यांचा मंच मिळतो. पण बोलता-बोलता गाण्यात शिरण्याचा तो सांधा शिकायला प्रयोग लागतात, लागोपाठ आणि निरनिराळ्या गावांत. हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवतात, मन लावून बसवतात, आणि थोड्याच प्रयोगांत ते थांबतं. दुसरं कारण नोंदींचं. जुन्या नटींच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्याच्या आहेत. गाण्याआधीचं वाक्य आणि गाण्यानंतरचं वाक्य त्यांत नाही. म्हणजे नेमका नाटकाचा भाग गेला आणि घरचं गाणं तेवढं उरलं. पुढच्या पिढीनं या बायकांना फक्त गायिका म्हणून ओळखावं, असा हा अन्याय आहे.

तिसरं कारण नागपूरच्या पूर्वेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी आजही जिवंत आहे. दिवाळी सरली, मंडई भरू लागली की देसाईगंज-वडशाहून कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. गावाबाहेर मंडप, रात्रभर नाटक, ऑर्गन-तबला रंगमंचाच्या पुढ्यात, आणि हजारोंचा प्रेक्षक. इथंही बायकांची कामं आधी पुरुष करत, मग बायका आल्या. त्यांतल्या कितीतरी नागपूरच्या. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी महाराष्ट्राचं या रंगभूमीकडं क्षणभर लक्ष गेलं. पण गाणाऱ्या नटीला रोजच्या प्रयोगाची शिस्त मिळण्याची जागा आज महाराष्ट्रात उरली असेल तर ती इथं आहे, आणि संगीत नाटकाच्या भवितव्याची चर्चा करणाऱ्यांनी वडशाचा रस्ता धरावा, असं मला मनापासून वाटतं. शेवटच्या भागात झाडीपट्टीतल्या गाणाऱ्या बायकांविषयी लिहिलं आहे. त्या हयात आहेत, काम करत आहेत, म्हणून त्यांच्या घरांविषयी त्यांनी जितकं सांगावंसं मानलं तितकंच घेतलं आहे.

हा गौरवग्रंथ नाही आणि समग्र इतिहासही नाही. चरित्रांमध्ये लग्नं, कर्जं, बाळंतपणं यांचा उल्लेख येतो, तो भूमिकांवर त्यांचा परिणाम झाला तेवढ्यापुरता. पदांचं रागदारीतलं विश्लेषण मी टाळलं आहे. ते करणारी अधिकारी माणसं आहेत. मी पाहतो तो उभा राहण्याचा, बोलण्याचा आणि गाण्याचा एकत्र व्यवहार. गंधर्वगायकीचे भक्त काही मतांनी दुखावतील, त्यांनी हिराबाई आणि जयमालाबाईंवरची प्रकरणं लागोपाठ वाचावीत, माझं म्हणणं त्यांत सुटं नसून जोडून आहे.

एक विनंती. विदर्भात आलेल्या स्त्री-मंडळ्यांचे, शिलेदारांच्या दौऱ्यांचे, धनवटे रंगमंदिरात झालेल्या प्रयोगांचे कागद घरोघरी पडून असतील: हँडबिलं, तिकिटांची थोटकं, कुणी टेप करून ठेवलेला अख्खा प्रयोग. विशेषतः संवादांसह ध्वनिमुद्रण कुणाकडं असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवलंत तर पुढच्या आवृत्तीत ते वापरता येईल, आणि मूळ प्रत तुमच्याकडंच राहील.